अभ्यासपान : आपलं गाव ग्रामीण की शहरी? कोण ठरवतं, कसं ठरवतं?



या वेळच्या अभ्यासपानाचा विषय जरा वेगळा आहे. आपल्या दारात दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी फॉर्म घेऊन किंवा टॅब घेऊन येतं. आरोग्याचा सर्व्हे, घरकुलाचा सर्व्हे, शौचालयाचा सर्व्हे. त्या प्रत्येक फॉर्मवर सगळ्यात वर एक चौकोन असतो : "क्षेत्र : ग्रामीण / शहरी". आपल्याला तो कुणी विचारत नाही. सर्व्हेवाला स्वतःच खूण करतो आणि पुढे जातो. पण त्या एका खुणेवर पुढचं बरंच काही अवलंबून असतं. म्हणून आज तो चौकोन समजून घेऊ या.

सुरुवात माझ्याच एका गोंधळापासून करते.

समाजकार्याचं शिक्षण संपवून मी नुकतीच कामाला लागले होते. एका सर्व्हेसाठी रस्त्यालगतच्या एका मोठ्या गावात गेले. गावाचं नाव सांगत नाही. सिमेंटचा रस्ता, दुमजली-तिमजली घरं, मोबाईलची दुकानं, ब्युटी पार्लर, पाण्याच्या जारचा प्लांट, इंग्रजी शाळेची पिवळी बस. मी विचारच केला नाही, सरळ "शहरी" वर खूण केली. चौदा घरं झाली. पंधराव्या घरी एक मावशी ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय लिवलीस गं बाई?" मी म्हटलं, "शहरी भाग." त्या म्हणाल्या, "शहर? आमच्याकडं सरपंच हाय, नगरसेवक न्हाई. मागल्या महिन्यात मी सोता ग्रामसभेला गेलते."

मला घाम फुटला. चौदा फॉर्म चुकले की काय! पर्यवेक्षकांना फोन लावला. त्यांनी यादी उघडली आणि म्हणाले, "ताई, २०११ च्या जनगणनेच्या यादीत हे गाव शहरीच आहे. खूण बरोबर आहे. पण तुम्ही घरं बघून खूण केलीत ना? ते चूक. डोळ्यानं बघून ठरवायचं नसतं, यादीनं ठरतं."

म्हणजे माझी खूण बरोबर होती आणि मावशीही खोटं बोलत नव्हत्या. दोन्ही एकदम खरं कसं? तोच आजचा धडा.

१. एकाच गावाला दोन शिक्के

पहिला शिक्का कायद्याचा. ज्या जागेचा कारभार नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका किंवा छावणी मंडळ बघतं, ती जागा शहर. जिथे ग्रामपंचायत आहे ते गाव. हा शिक्का मुख्यतः राज्य सरकार लावतं. नगरपंचायत म्हणजे काय? जे ठिकाण गाव राहिलेलं नाही आणि पुरतं शहरही झालेलं नाही, त्याच्यासाठी १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने केलेली ही सोय. आपल्या राज्यात साधारण दहा हजार ते पंचवीस हजार लोकसंख्येच्या ठिकाणी ती करता येते. तालुक्याच्या ठिकाणांबाबत सरकारने वेगळा निर्णय घेतला आणि जिथे तालुका असूनही ग्रामपंचायतच होती तिथे नगरपंचायती झाल्या. लातूर जिल्ह्यातलं चाकूर, रेणापूर, देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ आणि आपल्या नांदेड जिल्ह्यातलं नायगाव, हिमायतनगर ही अशी ठिकाणं. अर्धापूरलाही आज नगरपंचायत आहे. अर्धापूर म्हटलं की आपल्याला केळीच्या बागा आठवतात, पण कायद्याने ते शहर आहे.

दुसरा शिक्का जनगणनेचा. जनगणना खातं म्हणतं : कायद्याने जी शहरं आहेत ती आम्ही शहर म्हणून धरतोच. पण एखादं ठिकाण ग्रामपंचायत असलं तरी ते वागण्या-जगण्यात शहरासारखं झालं असेल, तर आम्ही त्यालाही शहरात मोजू. त्यासाठी तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात :

• लोकसंख्या किमान ५,०००.
• दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं.
• काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीबाहेरच्या कामात.

या ठिकाणाला "जनगणना शहर" म्हणतात. तिथे नगराध्यक्ष नसतो, मुख्याधिकारी नसतो. सरपंच असतो, ग्रामसभा असते. गावाला कुणी पत्र पाठवूनही कळवत नाही की तुम्ही आता शहर झालात. मावशींचं गाव असंच होतं.

ही काही दोन-चार ठिकाणांची गोष्ट नाही. २००१ मध्ये देशात १,३६२ जनगणना शहरं होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. म्हणजे दहा वर्षांत अडीच हजारांहून जास्त गावं कारभाराने गावच राहिली आणि आकड्यांत शहर झाली.

आता आपले आकडे बघा. २०११ मध्ये नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ६१ हजार होती. त्यात दर शंभरात २७ जण शहरी. लातूर जिल्ह्यात सुमारे २४ लाख ५४ हजार आणि शंभरात २५ जण शहरी. महाराष्ट्रात शंभरात ४५, देशात ३१. हे आकडे आपण भाषणात ऐकतो तेव्हा लक्षात ठेवायचं की त्यामागे वरच्या अटी आहेत. अट बदलली की आकडा बदलतो, गाव जागेवरच असतं.

प्रत्येक देशाची अटही वेगळी. डेन्मार्कमध्ये दोनशे माणसांची वस्तीही शहरी धरतात. तो नियम आपल्याकडे लावला तर आपल्या बहुतेक वाड्या आणि तांडेही शहर होतील! म्हणून २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने सगळ्या देशांची तुलना करता यावी यासाठी एक वेगळी पद्धत मान्य केली. त्यात नकाशावर एक-एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि कुठे किती दाट वस्ती आहे ते बघून शहर, मधली वस्ती आणि ग्रामीण असे तीन भाग करतात. आपल्या फॉर्मवर मात्र अजून दोनच चौकोन आहेत.

२. सर्व्हेत हा चौकोन का लागतो?

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. सर्व्हे म्हणजे तेच. सगळ्या घरांना विचारणं शक्य नसतं, म्हणून थोडी घरं निवडतात. पण चुलीवर दोन भांडी असतील, एकात भात आणि एकात वरण, तर भाताचं शीत दाबून वरण शिजलं का ते कळेल का? नाही. दोन्हीतून वेगवेगळं बघावं लागतं. गावातलं आणि शहरातलं जगणं वेगळं असतं, म्हणून सर्व्हेवाले दोन वेगळ्या याद्या करतात आणि दोन्हीतून वेगवेगळी घरं उचलतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं उदाहरण घ्या. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे काम बघते. बाईच्या अंगात रक्त कमी आहे का, बाळंतपण दवाखान्यात झालं का, लग्न कितव्या वर्षी झालं, हे सगळं त्यात विचारतात. ग्रामीण भागात जनगणनेच्या यादीतून गावं निवडतात आणि शहरी भागात जनगणनेचे गट. निवडलेल्या प्रत्येक ठिकाणी २२ घरं घेतात.

आता यातली मेख बघा. २०१९-२१ च्या फेरीत यादी कुठली वापरली? २०११ च्या जनगणनेची. मधल्या काळात चाकूर, नायगावसारख्या ठिकाणी नगरपंचायत आली, तरी यादी जुनीच. आणि २०११ मध्ये कुठलं गाव जनगणना शहर धरायचं, ते कशावरून ठरवलं होतं? २००१ च्या आकड्यांवरून. म्हणजे २०१९ मध्ये दारात आलेल्या ताईच्या टॅबमधला चौकोन अठरा वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर उभा असू शकतो. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून नवी यादीही आली नाही.

याचा परिणाम काय? खर्चाच्या सरकारी सर्वेक्षणात २०२३-२४ मध्ये देशात ग्रामीण भागात माणशी महिन्याला सरासरी ४,१२२ रुपये खर्च निघाला आणि शहरी भागात ६,९९६ रुपये. एवढा फरक. समजा आपल्या मावशींचं घर या सर्व्हेत आलं. ते शहरी आकड्यात जाईल. त्यांच्यासारखी घरं शहरात धरली की शहरी सरासरी खाली येते. आणि गावातली जरा बरी स्थिती असलेली घरं ग्रामीण यादीतून निघून गेली की ग्रामीण सरासरीही खाली येते. माणसांचं काही बदललं नाही, फक्त चौकोन बदलला.

३. आपल्या गटाला काय फरक पडतो?

इथे नीट लक्ष द्या, कारण बैठकीत यावरून नेहमी गोंधळ होतो.

जनगणनेच्या शिक्क्याने आपलं गाव "शहरी" झालं, तरी ग्रामपंचायत राहते. सरपंच, ग्रामसभा, ग्रामसंघ, सगळं जिथल्या तिथे. योजनांसाठी मुख्यतः कायद्याचा शिक्का बघतात. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर सरळ लिहिलं होतं की शहरी स्थानिक संस्था किंवा छावणी मंडळाखालचा भाग सोडून राज्यातला बाकी सगळा भाग ग्रामीण.

पण कायद्याचा शिक्का बदलला, म्हणजे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, तर बरंच बदलतं :

• ग्रामसभा राहत नाही. हात वर करून प्रश्न विचारायची ती जागा जाते. आता वॉर्डाच्या नगरसेवकाला आणि मुख्याधिकाऱ्यांना भेटावं लागतं.
• घरकुलाचा अर्ज ग्रामीण आवास योजनेऐवजी शहरी आवास योजनेत करावा लागतो. यादी वेगळी, कागदपत्रं वेगळी.
• रोजगार हमीचं काम ग्रामीण भागासाठी असतं.
• "उमेद" हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आहे. शहरातल्या गटांसाठी वेगळी व्यवस्था असते, तिथे ग्रामसंघाऐवजी वस्तीस्तर संघ असतो. माविमचं काम मात्र गावातही आहे आणि शहरातही.
• पाणी, रस्ते, कचरा यासाठी शहरी निधीची दारं उघडतात. करही बदलतात.

म्हणून "शहर झालं म्हणजे चांगलं झालं" किंवा "वाईट झालं" असं एका वाक्यात सांगता येत नाही. नांदेड आणि वाघाळा मिळून १९९७ मध्ये महानगरपालिका झाली. आज शहराच्या नावातच वाघाळा आहे, पण तिथे ग्रामसभा भरत नाही. काही मिळतं, काही जातं. काय जाणार ते आधी कळलं पाहिजे, एवढंच. नगरपंचायत करायची असेल तर आधी मसुदा निघतो आणि लोकांच्या हरकती मागवतात. त्या दिवसांत ग्रामसंघाने बसून चर्चा करावी. गटाचं कर्ज, फिरता निधी, घरकुलाच्या यादीतली नावं यांचं पुढे काय होणार, हे तालुक्याला लेखी विचारावं. तोंडी उत्तर इतिवृत्तात राहत नाही.

४. तिसरी अट पुन्हा वाचा

आता वर जा आणि जनगणनेची तिसरी अट पुन्हा एकदा वाचा. काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के. बायकांचं काम या अटीत कुठेच नाही. आपण गणित करून बघू. आकडे मी समजायला घेतले आहेत, कुठल्या खऱ्या गावाचे नाहीत.

समजा एक गाव आहे. लोकसंख्या ६,२००. क्षेत्र १२ चौरस किलोमीटर.

६,२०० ला १२ ने भागलं तर दर चौरस किलोमीटरला सुमारे ५१७ माणसं. पहिल्या दोन अटी पूर्ण.

वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम करणारे पुरुष १,६००. त्यातले १,२३० शेतीबाहेर : कुणी डाळ मिलमध्ये, कुणी ऑटो चालवतो, कुणी बांधकामावर, कुणाचं किराणा दुकान. १,२३० म्हणजे १,६०० चे जवळपास ७७ टक्के. तिसरी अटही पूर्ण. गाव शहर झालं.

आता त्याच गावातल्या सहा महिन्यांहून जास्त काम करणाऱ्या बायका धरा. त्या ९००. त्यातल्या ७०० शेतात : खुरपणी, कापूस वेचणी, सोयाबीन काढणी. शेतीबाहेर २००.

बाई आणि पुरुष मिळून काम करणारे २,५००. शेतीबाहेरचे १,२३० आणि २०० मिळून १,४३०. म्हणजे ५७ टक्के. ७५ पेक्षा बरेच कमी. गाव गावच राहिलं!

बघा, बायकांची नोंद धरली तर गाव, नाही धरली तर शहर. आपल्या भागात हे चित्र डोळ्यासमोरच आहे. पुरुष सकाळच्या गाडीने नांदेडला, लातूरला, नाहीतर महिनोन्‌महिने पुण्याला. शेत कोण बघतं? आपणच.

यावर कुणी म्हणेल की बायकांच्या कामाची नोंदच नीट होत नाही, ती अटीत धरून काय उपयोग. मग ती नीट होऊ द्या, हे आपलं उत्तर. आणि त्यात थोडी जबाबदारी सर्व्हेवाल्यांची आहे, थोडी आपली.

माझी जबाबदारी आधी सांगते. त्या दिवशी मावशींच्या फॉर्मवर पुढे प्रश्न होता : "काय काम करता?" मावशी म्हणाल्या, "काय न्हाई, घरीच असते." मी "काम नाही" वर खूण केली. त्यांच्या हातात सूप होतं, सुपात त्यांच्याच शेतातली तूर होती, मागे गोठ्यात म्हैस बांधलेली होती. हे सगळं बघत बघत मी ती खूण केली. ग्रामीण-शहरीच्या चौकोनाने मला घाम फुटला होता, पण तो चौकोन बरोबर निघाला. खरी चूक ही होती. ती मला त्या दिवशी कुणी दाखवली नाही, कारण यादीत ती दिसतच नाही.

जनगणनेचा नियम काय सांगतो ते लिहून ठेवा. घरच्या शेतात बिनपैशाचं राबणं हे काम आहे. फक्त घरी खाण्यापुरतं पिकवलं तरी ते काम आहे. म्हैस सांभाळून दूध काढलं आणि ते सगळं घरातच वापरलं तरी ते काम आहे. घरच्या धंद्यात हातभार लावणं हेही काम. स्वयंपाक, धुणीभांडी, लेकरं सांभाळणं मात्र त्यात धरत नाहीत. ते का धरत नाहीत, हा वेगळा मोठा विषय आहे, त्यावर पुढे कधीतरी लिहीन.

५. आता काय करायचं?

नवी जनगणना समोर आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख आहे आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. त्यासाठी गावाच्या, तालुक्याच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला होत्या तशाच धरायच्या आहेत. या मोजणीतून निघालेली यादी पुढची कित्येक वर्षं प्रत्येक सर्व्हेत वापरली जाईल. म्हणून :

• मोजणीवाले आले की कामाच्या प्रश्नाला "घरीच असते" असं उत्तर देऊ नका. वर्षातले किती महिने शेतात, किती महिने मजुरीला, गोठ्यात काय, गटाच्या उद्योगात काय, ते सांगा. माहिती घरातला पुरुष देत असेल तर बाजूला उभं राहून आपलं काम आपण सांगा.
• आपल्यातल्या ज्या ताई सीआरपी आहेत किंवा सर्व्हेचं काम करतात, त्यांनी ग्रामीण-शहरी ही खूण दिलेल्या यादीप्रमाणेच करावी. घरं, दुकानं बघून नाही. आणि शेरा लिहायला जागा असेल तर "इथे ग्रामपंचायत आहे" किंवा "नगरपंचायत आहे" एवढं नक्की लिहावं. पुढे वाचणाऱ्याला दोन्ही शिक्के कळतील.
• "काम नाही" वर खूण करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : शेतात जाता का? जनावर आहे का? घरच्या धंद्यात बसता का?

पुढच्या बैठकीसाठी गृहपाठ

१. आपल्या गावात ग्रामपंचायत आहे की नगरपंचायत? २०११ च्या जनगणनेत आपल्या गावाचा शिक्का कोणता होता? ग्रामपंचायतीत विचारून इतिवृत्तात लिहा.

२. गटातल्या दहा-बारा जणींची यादी करा. प्रत्येकीने मागच्या वर्षी कोणतं काम किती महिने केलं ते नावापुढे लिहा. सहा महिने किंवा जास्त भरले तर खूण करा. मग नवऱ्याचं किंवा मुलाचं काम शेतीचं की शेतीबाहेरचं तेही लिहा.

३. वरच्यासारखं गणित करा. आधी फक्त पुरुष धरून, मग बायका-पुरुष दोन्ही धरून. शेतीबाहेरचे किती टक्के येतात?

गणितात अडलं तर मला बैठकीत विचारा, लाजू नका. मलाही टक्केवारी दोनदा तपासावी लागते. ज्या गटांचे तक्ते येतील त्यांच्याबद्दल पुढच्या एखाद्या अंकात लिहू.

आणि त्या मावशींचं सांगायचं राहिलं. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या गावी गेले तेव्हा मुद्दाम त्यांच्या घरी गेले आणि झालेली चूक सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "मग आता लिव की. साडेतीन एकर, एक म्हैस, दोन शेरडं. आन् वरून गटाचं रजिस्टर मीच लिवते."

आता फॉर्म बंद झाला होता. म्हणून इथे लिहिलं.

तुमची ताई,
क्षेत्रीय समन्वयक